ब तुकडीला शिकवलेलं गणित

सोमवार, ४ मार्च

बारक्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद. मामा सांगत होता, तू गेल्या गेल्या आपला फोन त्याच्या हातात दिलास आणि म्हणालास, "कुठेतरी ठेव, आणि कुठे ठेवलास ते मला सांगू नकोस." मामीचा फोन टेबलावर दिसला तर तोही पालथा घालतोस म्हणे. असू दे. कागदाला कॅमेरा नसतो, तेव्हा हे तरी वाचशील.

आधी कामाचं बोलते. फेरपरीक्षा २५ तारखेला आहे. मामाकडे नेट चांगलं चालतं, तिथूनच दिलीस तरी चालेल. नेहमीचेच नियम: दार बंद, टेबल मोकळं, दोन्ही हात दिसले पाहिजेत. एक सकाळ कळ काढ आणि वर्ष पदरात पाडून घे. मग माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

माफीनाम्यावर मी सही केली ती पालक म्हणून. तू काही केलेलं नाहीस हे मला माहीत आहे, आणि हे मी तुला त्या दिवशीही सांगत होते, पण तू ऐकून घेशील तर ना! तुला माहीत असणं आणि मला माहीत असणं याला शाळेत किंमत किती? किंमत आहे ती सासूबाईंना. परीक्षेवर पहारा देणाऱ्या त्या ॲपला तुम्ही मुलांनी इतकं चपखल नाव ठेवलंत की आता हेडबाईंची पाठ वळली की आम्ही शिक्षकही तेच म्हणतो. नजर इकडेतिकडे गेली की नोंद, खुर्ची करकरली की नोंद. तुझ्या नावापुढे तिने दोन ओळी टाकल्या: खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज. विद्यार्थी त्या व्यक्तीशी बोलला.

तो आवाज माझा होता. तुझ्या टेबलाच्या भिंतीला पाठ लावून, फ्रिज आणि ओट्याच्या मधल्या त्या फटीत बसून मी ब तुकडीचा तास घेत होते. तुझ्या परीक्षेच्या वेळी माझा तास नको, असं मी आधीच कळवलं होतं. उत्तर आलं, वेळापत्रक लॉक झालंय. आणि प्रश्नपेढीतल्या एवढ्या ढीगभर गणितांतून सासूबाईंनी तुझ्यासाठी नेमकं तेच उचललं, जे मी पलीकडे ब तुकडीला सोडवून दाखवत होते. आता शाळेच्या चौकशी समितीच्या जागी बसून बघ. आई गणिताची शिक्षिका, मुलगा परीक्षेला, आवाज आईचा, गणित तेच. मी समितीत असते तर माझ्याही भुवया वर गेल्या असत्या.

त्यांनी दोनच वाटा ठेवल्या. चूक मान्य करून माफी मागा आणि फेरपरीक्षा द्या, नाहीतर वर्ष गेलं. मी व्यवहार पाहिला. तू मात्र म्हणालास, "चोरी केली नाही तर माफी कसली?" बोलायला वाक्य झकास आहे. गुणपत्रिकेवर छापत नाहीत ते.

एक मात्र विचारते. त्या वेळी तू खरंच काहीतरी बोललास, असं ॲप म्हणतं. काय बोललास? त्या दिवशी हे विचारलं तेव्हा तू माझ्याकडे नुसता बघत राहिलास आणि आत जाऊन बॅग भरायला लागलास. त्या बघण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

तुझी,
आई


शनिवार, ९ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. मामा म्हणतो, पत्र तू वाचलंस आणि घडी घालून खिशात ठेवलंस. फाडलं नाहीस, एवढ्यावर समाधान मानते.

तू दिवसभर रोपवाटिकेत असतोस, पिशव्यांत माती भरतोस, मामा सांगेल ती रोपं उन्हातून सावलीत नेतोस, असं कळलं. आणि कुणी मागून आलं की दचकतोस, हेही कळलं. मामीने हसत हसत सांगितलं. ऐकून मला मात्र हसू आलं नाही. कारण मीही दचकते. परवा दूधवाल्याने बेल वाजवली, तर मी आधी केस सारखे केले, चेहरा हसरा केला आणि मग दार उघडलं. तो बिचारा दोन पावलं मागे सरकला.

घरात आता माझा एकटीचा आवाज असतो. तुला वाटायचं, आई शिकवते म्हणजे आईची चैन आहे, तिच्या डोक्यावर सासूबाई नाहीत. अरे, आमची सासू वेगळी आहे. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात एक पट्टी असते, हिरवी, पिवळी, लाल. चेहरा चौकटीच्या बाहेर गेला की पिवळी. मुलांकडून गोंगाट आला की लाल. महिनाअखेरीस हेडबाई ते रंग आमच्यापुढे मांडतात. म्हणून मी तास सुरू होताच सगळ्यांचे माईक बंद करते, आणि मान न हलवता कपाकडे हात न्यायला शिकले आहे. बशीतली बिस्किटंही चाचपडून घेते. तुझे बाबा असते तर पोट धरून हसले असते.

हे रडगाणं नाही. तुला एक कारण कळावं म्हणून सांगते आहे. पुढच्या वर्षी प्रत्येक विषयाला एकच शिक्षक ठेवायचा आणि बाकीच्या तुकड्यांना त्याचं रेकॉर्डिंग लावायचं, असं शाळेत घाटतंय. गणिताला आम्ही तिघं आहोत. कुणाचं रेकॉर्डिंग ठेवायचं ते या सत्रावर ठरणार. अशा वेळी समितीशी वाद घालणं मला परवडणारं आहे का, तूच सांग. माझी नोकरी गेली तर तुझं एक वर्ष वाचून तरी काय होणार?

माझ्या त्या तासाचं रेकॉर्डिंग सर्व्हरवर आहे. प्रकरण झालं त्याच संध्याकाळी मी ते लावून पाहिलं. त्यात विशेष काही नाही. नेहमीचा तास आहे.

तुझ्या खोलीतलं टेबल मी पुसलं. ज्या वहीवर तू रेघोट्या मारायचास ती तशीच ठेवली आहे. जेवतोस ना वेळेवर?

आई


गुरुवार, १४ मार्च

बारक्या,

मामाचा फोन आला होता. तू फेरपरीक्षेला बसणार नाहीस म्हणे. "बसलो तर मान्य केल्यासारखं होईल," असं म्हणालास. मामाही काय, "पोरगं बोलतंय ते खोटं नाही गं," म्हणून मोकळा झाला. त्याला काय जातंय! रोपाला पाणी घातलं की वाढतं, एवढंच त्याला ठाऊक. वर्ष वाया गेलेल्या मुलाकडे लोक कसे बघतात, ते मी बावीस वर्षं वर्गात बघत आले आहे.

हट्टीपणा कुणाकडून आलाय ते मला चांगलं माहीत आहे, त्यामुळे त्यावर जास्त बोलत नाही. पण एक गोष्ट ऐक. मान खाली घालून निघून जाणं म्हणजे दरवेळी हरणं नसतं. मी कितीदा तरी घातली आहे. तू मोठा झालास त्याच पगारावर.

आज कागदपत्रं द्यायला शाळेत गेले, तिथे भूगोलाच्या बाई भेटल्या. त्या समितीत आहेत, पण मनाने चांगल्या आहेत. जिन्यात थांबवून म्हणाल्या, "अहो, तुमच्या तासाचं रेकॉर्डिंग तुम्ही समितीला का देत नाही? तुम्ही तिकडे वर्ग घेत होतात, मुलाला सांगत नव्हतात, हे तरी स्पष्ट होईल."

मी म्हटलं, "आता मिटलंय ते. कशाला उकरायचं?"

"मिटलंय कुठे? मुलगा घर सोडून गेलाय तुमचा."

मी घड्याळ बघितलं, तास आहे म्हटलं आणि तिथून सटकले. तास नव्हता.

ब तुकडीचे पेपर तपासायला आले आहेत. निम्मे झाले. त्यातलं तिसरं गणित आज आणखी तपासवत नाही. डोकं ठणकतंय, डोळ्यांत पाणी येतंय, स्क्रीनमुळेच असेल. इथेच थांबते. तू २५ तारखेचं एवढं मनावर घे. हात जोडते.

आई


सोमवार, १८ मार्च

बारक्या,

आधीच्या पत्रांत मी तुझ्याशी खोटं बोलले. आता सरळ लिहिते. मध्ये खाडाखोड झाली तर समजून घे.

माझ्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये विशेष काही नाही, असं मी लिहिलं होतं. विशेष आहे. त्यात मी गणित चुकले आहे.

क्ष वर्ग वजा पाच क्ष वजा चौदा. मधल्या पदात उणे पाच. सूत्रात घालताना त्याचं चिन्ह उलटतं, अधिक पाच होतं. मी ते उलटवलंच नाही. बावीस वर्षं मुलांना ओरडत आले, "चिन्ह बघा, चिन्ह बघा," आणि मीच तसंच ठेवून पुढे गेले. उत्तरं काढली दोन आणि उणे सात. वर म्हणालेसुद्धा, "आलं लक्षात? सोपं आहे." आणि समोर सगळे गप्प. गप्प असणारच. माईक मीच बंद केले होते.

मला ते त्याच संध्याकाळी ऐकून कळलं. तुझ्या पेपरात उत्तर होतं सात आणि उणे दोन. बरोबर. म्हणजे माझं ऐकून तू लिहिलं असतंस, तर तुझं चुकलं असतं. तू निर्दोष आहेस याचा याहून धडधडीत पुरावा कुठला? तो माझ्या हातात होता. तो घेऊन मी दुसऱ्या दिवशी हेडबाईंकडे गेले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. पण मग ते रेकॉर्डिंग समितीने लावलं असतं, आणि कुणाला ठेवायचं हे ठरवण्याच्या दिवसांत गणिताच्या बाई गणित चुकताना सगळ्यांनी बघितल्या असत्या. म्हणून मी माफीनाम्यावर सही केली. व्यवहार वगैरे सगळं नंतर सुचलं.

ब तुकडीने तेच गणित परीक्षेत लिहिलं. बऱ्याच जणांचं उत्तर दोन आणि उणे सात. पायरी न् पायरी माझीच, वहीत उतरवून घेतल्यासारखी. मी त्यावर लाल रेघ मारली. गुण कापले. एका मुलीने तर खाली लिहिलं होतं, "मॅडमनी शिकवल्याप्रमाणे". तिचेही कापले. बारक्या, माझी मलाच शिसारी आली.

शनिवारी मी परीक्षा विभागात अर्ज दिला: पालक म्हणून तुझ्या परीक्षेचं पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायचंय. समितीने ऐकलं होतं ते ॲपने कापून दिलेले काही सेकंद. पूर्ण कुणीच ऐकलं नव्हतं. वेळ कुणाला आहे? आज दुपारी संगणक कक्षात एकटीला बसवलं. रिकामी खोली, झाकलेले संगणक, कानाला हेडफोन. पडद्यावर तू. टेबलावर दोन्ही हात, पेन धरलेला हात आणि मोकळा हात. घाम आला की खांद्याला गाल पुसत होतास, हात हलवायचा नाही म्हणून. माझं मूल असं बसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. भिंतीच्या पलीकडेच तर होते.

मग भिंतीतून माझा आवाज. मी गणित वाचते, सूत्र म्हणते, उणे पाच म्हणते. तुझं पेन थांबतं. तू मान वर करतोस. डावा हात टेबलावरून जरासा उचलतोस आणि परत खाली ठेवतोस. ते बघितलं तेव्हा मला कळलं. मी चुकले की तू भिंतीवर टकटक करायचास. वर्ष दीड वर्ष आपलं हे चाललं होतं. मी तासात आकडा चुकवला की मागून टकटक, मी मागची पायरी बघायची, दुरुस्त करायची, आणि मुलांना वाटायचं बाईंनी मुद्दाम चुकवून दाखवलं. त्या दिवशी हात दिसायला हवे होते. टकटक करता येईना. म्हणून तू ओठ न हलवता पुटपुटलास.

मी आवाज पूर्ण मोठा करून तीनदा ऐकलं. "आई, चिन्ह." आणि जरा थांबून, "चिन्ह उलटव ना."

विद्यार्थी दुसऱ्या व्यक्तीशी बोलला. हो, बोलला. उत्तर विचारायला नाही. आईला सांगायला.

आणि हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. समितीने विचारलं, मी विचारलं. एक वाक्य बोलला असतास तर सुटला असतास, पण मी अडकले असते, म्हणून तू मूग गिळून बसलास. मी सांगेन म्हणून वाट बघत होतास. मी तुझ्यासमोर पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

मी संगणक कक्षात रडले. पुढचं लिहवत नाही.

आई


गुरुवार, २१ मार्च

बारक्या,

काल समितीपुढे जाऊन आले. हेडबाई, परीक्षा विभागाचे सर आणि भूगोलाच्या बाई. मी म्हटलं, सही मागे घेते आहे, आणि दोन रेकॉर्डिंग ऐकवायची आहेत.

हेडबाई म्हणाल्या, "बाई, अहो, माफीनामा आलाय, फेरपरीक्षेची तारीख लागलीय. सुरळीत चाललंय ना सगळं? कशाला?"

"मुलाने काही केलेलं नाही."

"ते तुम्ही आई म्हणून म्हणणारच."

"आई म्हणून सही केली होती. हे गणिताची शिक्षिका म्हणून सांगते आहे."

मग त्यांनी लावू दिलं. आधी माझा तास. स्वतःची चूक चार माणसांत बसून ऐकणं म्हणजे काय ते विचारू नकोस. "आलं लक्षात? सोपं आहे," हे वाक्य आलं तेव्हा परीक्षा विभागाचे सर खिडकीबाहेर बघायला लागले. मग तुझं लावलं. तुझं ते पुटपुटणं कुणाला ऐकूच येईना. तीनदा मागे घ्यावं लागलं. शेवटी भूगोलाच्या बाईंना आलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हा तर आईलाच शिकवतोय!"

तुझा निकाल परत लावला आहे. सासूबाईंचा शेरा काढला, माफीनामा रद्द केला, फेरपरीक्षा नाही. पत्रासोबत शाळेचा कागद जोडला आहे, मामालाही दाखव. तुझं वर्ष वाचलं.

माझं काय ते सत्र संपल्यावर कळवणार आहेत. कळवणार म्हणजे काय, ते मी समजले. रेकॉर्डिंग दुसऱ्या बाईंचं ठेवतील, मला बहुतेक मुलांच्या शंकांना टाइप करून उत्तरं द्यायला बसवतील. तेही नसेल तर तेही नाही. बघू पुढचं पुढे. हेडबाईंना मी वाईट म्हणणार नाही. सगळे गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "मलाही रोज वरून रंग दाखवतात, बाई. माझा गेले दोन महिने पिवळा आहे." आणि चष्मा काढून डोळे चोळत बसल्या.

ब तुकडीचं मी काढलं होतं. त्यांचे गुण द्यायला हवेत, त्यांना गणित परत शिकवायला हवं, असं म्हटलं. हेडबाईंनी हात वर केला. "निकाल वर गेलाय. आता पंचवीस पालक भांडायला येतील. ते उघडू नका. पुढच्या वर्षी उजळणीत येईलच की." मी बरं म्हटलं. तुझा कागद हातात पडला होता, मला दुसरं काही दिसत नव्हतं.

आता ये घरी. तुझ्या आवडीचं करते, काय ते सांग फक्त.

आई


बुधवार, २७ मार्च

बारक्या,

आज तुझा आवाज ऐकला. त्यावर जे बोलायला हवं होतं ते फोनवर माझ्याच्याने बोललं गेलं नाही, म्हणून परत कागद.

आधी गेल्या चार दिवसांचं सांगते, म्हणजे फोनवर मी अशी का वागले ते कळेल. शनिवारी मामाचा फोन आला. म्हणाला, "पत्र वाचलं त्याने. शाळेचा कागद बघितला, बाजूला ठेवला. आनंद नाही, काही नाही. जेवताना एकच विचारलं, ब तुकडीला सांगितलं का तिने?"

मी म्हटलं, "तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? मला काय माहीत तुमच्या तुकड्या? सांगितलंस का तू?"

मी फोन ठेवला. मी तुला वर्ष परत दिलं म्हणून रुबाबात बसले होते. तू हुशारी दाखवत होतास असंही नाही. तू त्या मुलांसोबत तीन वर्षं एका बाकावर बसला आहेस, पडदे येण्याआधी. तुला ती चेहऱ्यांनी आठवतात. मला चौकटींनी.

सोमवारी ब तुकडीचा तास होता. मी हेडबाईंना विचारलं नाही. तास सुरू झाला तसे मी सगळ्यांचे माईक उघडले. काय आवाज आला म्हणून सांगू! कुणाकडे कुकर, कुणाकडे रडणारं बाळ, कुणाची आजी कुणावर तरी खेकसतेय, कुत्री, ड्रिल, भांडी. एकदम इतकी घरं माझ्या ओट्याशेजारी येऊन उभी राहिली. पट्टी लाल झाली. मी म्हटलं, "मुलांनो, मी तुम्हाला एक गणित चुकीचं शिकवलं. परीक्षेत ते तुम्ही मी शिकवलं तसं लिहिलंत आणि मी तुमचे गुण कापले. चूक माझी आहे, तुमची नाही. ते गुण तुम्हाला मिळायला हवेत आणि मी ते लेखी देणार आहे."

सगळे गप्प. आजीसुद्धा. मग ती मुलगी बोलली, "मॅडमनी शिकवल्याप्रमाणे" लिहिणारी. "मॅडम, मला तेव्हाच कळलं होतं. मी हात वर केला होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही बघितलंच नाही. आणि माईक तुमच्याकडे होता ना."

"कळलं होतं, तर परीक्षेत चुकीचं का लिहिलंस?"

"म्हटलं, तुम्हीच तपासणार."

मी गणित पहिल्यापासून सोडवलं. माईक बंद केले नाहीत. मुलं मध्येमध्ये बोलत होती, एक जण खात होता, दोघं भांडली. कितीतरी दिवसांनी मला घसा दुखेस्तोवर ओरडावं लागलं, "ए, गप्प बसा रे!" आणि मला इतकं बरं वाटलं.

काल हेडबाईंनी बोलावून घेतलं. पुढच्या सोमवारपासून ब तुकडीला रेकॉर्डिंग लागणार, मी फक्त अ तुकडी सत्र संपेपर्यंत घ्यायची. त्यांच्या टेबलावर पालकांच्या तक्रारींचा गठ्ठा होता. गुण मात्र द्यावे लागणार आहेत. लेखी आहे ना माझं.

आणि आज दुपारी मामाच्या फोनवरून तू. मी सवयीने म्हणाले, "माझा आवाज येतोय का?" तू म्हणालास, "येतोय. भिंतीतूनसुद्धा यायचा." मागे मामा कुणाला तरी झाडाची किंमत सांगत होता.

तू म्हणालास, "तू चुकलीस त्याचा मला राग नव्हता. सहीचाही नंतर गेला. तुला कळलं होतं, तरी तू त्यांना तसंच ठेवलंस, त्याचा होता." मी म्हटलं, "हं." एवढंच. फोनवर तेवढंच जमलं.

तर आता लिहिते. मला भीती वाटली, बारक्या. नोकरीची वाटली, पण त्याहून जास्त हसं होण्याची. त्या चौकटीत बसून बसून मला वाटायला लागलं होतं की मी चुकले तर संपले, आणि म्हणून जे माझ्यामुळे चुकत होते त्यांना मी चुकू दिलं. तुलाही त्यातच धरलं. मला खूप वाईट वाटतं. माफी मागते आहे, आणि ही कुणाच्या वतीने नाही.

तू म्हणालास, इतक्यात येणार नाहीस, सुट्टी संपेपर्यंत मामाकडेच राहीन. रहा. स्क्रीनसमोर बसायची वेळ परत येईल तेव्हा काय करायचं, ते तुला अजून सुचत नाही म्हणालास. मलाही नाही सुचत. ते मी तुला खोटं खोटं सांगणार नाही. माझं टेबल मात्र मी फ्रिज-ओट्याच्या त्या फटीतून काढून खिडकीशी नेलं आहे. फ्रिज आता मोकळा उघडतो.

आणि एक राहिलं. समितीने तुझा निकाल लावला, शेरा काढला, रद्द केलं, परत दिलं. भूगोलाच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला, मामाने पाठ थोपटली. पण परीक्षेच्या दिवसापासून आजपर्यंत एक गोष्ट तुला कुणीच म्हणालं नाही, आणि मी तर दिवसभर मुलांना हेच म्हणत असते.

सात आणि उणे दोन. तुझं उत्तर बरोबर आहे.

आई